दुसऱ्या टोकाला तू

शांताराम, तुझं खरं वजन मला परवा कळलं.

उभ्या जन्मात मी तुझ्याबरोबर काय काय उचललं. लूमवर चढवायचे, सूत गुंडाळलेले जड बीम उचलले, खोली बदलताना तुझं लोखंडी कपाट उचललं, तुझ्या दिलीपच्या लग्नात वरणाचं पातेलं उचललं आणि त्यातलं निम्मं सदऱ्यावर घेतलं. दर वेळी एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तू. तुला मात्र उचलायची वेळ कधी आली नव्हती. परवा ती आली. सवयीने मी मान वर करून दुसऱ्या टोकाला बघितलं, तर तिथे दिलीप उभा होता आणि तू मधे झोपला होतास.

तुझा दहावा अजून व्हायचाय. इंदूवहिनींकडे माणसांची ये-जा चालू आहे, आमची ही, कमल, सकाळपासून तिकडेच आहे. मी घरी बसून हे लिहितोय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. आदल्या संध्याकाळी तू "सकाय बोलूत", उद्या सकाळी बोलू, म्हणून उठलास आणि सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या, चहाचा कप हातात असताना, गेलास. ही काय रीत झाली? भांडणातून मधेच उठून जायची तुझी खोड जुनी. पण दुसऱ्या दिवशी तू परत यायचास, निदान तंबाखू मागायला तरी.

आणि भांडण तरी कशावरून? तू आधी गेलास तर मी तुला खांदा द्यायचा की नाही, यावरून. साठीच्या दोन म्हाताऱ्यांनी यावरून आवाज चढवावा, हे कुणाला सांगितलं तर हसतील. आपण हसत नव्हतो.

हे सगळं सुरू झालं चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या दिवसांत. निम्मी सुरत स्टेशनवर लोटली होती, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपण बायका-पोरांना खानदेशात धाडलं आणि घरं राखायला मागे राहिलो, तोंडाला रुमाल बांधून, सरकारने वाटलेल्या गोळ्या खिशात ठेवून. लूम बंद होते म्हणून बमरोलीच्या आपल्या गल्लीत पहिल्यांदाच कावळ्यांचा आवाज ऐकू येत होता. त्यातच भिकनबाबा गेले. गावाहून आलो तेव्हा ज्यांनी आपल्या दोघांना हाताला धरून लूमवर उभं केलं, ते भिकनबाबा. ते दम्याने गेले, प्लेगने नव्हे. पण हे पटवून द्यायला गल्लीत माणूस तर हवा! तू, मी, समोरच्या खोलीतला ओडिया कारागीर आणि दूधवाला, एवढेच जमलो. खांद्याला पुरतील तेवढे, बदलीला एकही नाही.

खाडीच्या पुलापर्यंत मी कसाबसा आलो. पुलाच्या चढावर कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधार झाला. मी बोललो नाही. दात आवळले आणि चालत राहिलो. मग पाय मुडपला, तिरडी माझ्या बाजूला कलली आणि बाबांचा हात कापडातून बाहेर येऊन लोंबायला लागला. मागून तू छाती लावून सगळा भार अंगावर घेतलास आणि ओरडलास, "जड शे तं बोल ना! लाज कसानी?"

तिरडी आपण भर रस्त्यात टेकवली. विसाव्याच्या जागेआधी ती जमिनीला लावायची नसते हे आपल्याला पुरतं ठाऊक होतं. बाबांचा हात तू आत घेतलास आणि कापड खोचलंस. बघायला कुणी नव्हतं हेच नशीब.

उरकल्यावर तू पुलाच्या कठड्यावर बसलास. मी बसूच शकत नव्हतो, कमरेवर हात ठेवून उभा होतो. तू खाडीकडे बघत म्हणालास, "रघू, आपला दोन्हीसमा एक मांगे ऱ्हाई. त्याले हाई जमाले जोयजे." दोघांतला एक मागे राहणार, आणि जो राहील त्याला हे नीट जमलं पाहिजे, न कलंडता, न टेकवता. आपण हातावर हात मारला. लोक म्हातारपणी तब्येत राखतात ती कुणी नातवंडांसाठी, कुणी साखर उतरावी म्हणून. आपण राखली ती एकमेकांना उचलता यावं म्हणून. कमलला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुम्हा दोघांना काहीतरी चांगलं बोलता येतच नाही का.

मग आपलं लूमचं काम सुटल्यावर तू बंद पडलेल्या एका लूमच्या शेडची चावी मिळवलीस. उधन्याच्या भंगारवाल्याकडून एक रॉड आणला, त्यावर चढवायच्या वजनाच्या गंजक्या प्लेटा आणल्या. वर्षानुवर्षं बीम उचललेत, हे लोखंड काय चीज आहे, अशा थाटात आपण सुरुवात केली आणि आठवडा व्हायच्या आत दोघंही आडवे झालो. मी कमरेने, तू खांद्याने. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या त्या गुजराती मॅडम आठवतात? त्यांनी औषध दिलं नाही, मलम दिलं नाही. कोपऱ्यातला स्टूल दाखवला आणि म्हणाल्या, "काका, आ ऊंचको." आधी मी उचलला, मग तू. त्या आपल्याकडे आलटून पालटून बघायला लागल्या. "तमे बन्ने एक ज कारखानामां हता के?"

एकाच कारखान्यात होतो, हे त्यांनी आपल्या वाकण्यावरून ओळखलं होतं. दोन लूममधल्या वाटेत गुडघे वाकवायला जागा कुठे असायची? आपण पाय सरळ ठेवून कमरेतूनच वाकायचो. बीम हातात आला की पाय जागेवर रोवून नुसत्या कमरेने वळायचो. आणि मुक्याने उचलायचो, कारण त्या खडखडाटात ओरडून तरी कोण ऐकणार? तू हनुवटी उचललीस की मी श्वास कोंडायचा आणि बीम वर. जड झाला, हात सुटायला आला, तरी बोलायचं नाही. बोलायची सवयच नव्हती अंगाला. तरुणपणी शरीराने हे सगळं खपवून घेतलं आणि आपल्याला वाटलं, आपल्याला उचलता येतं.

"श्वास क्यां गयो?" मॅडम तुला दरडावून विचारत होत्या आणि तू शाळेतल्या पोरासारखा खाली बघत होतास. तुझं ब्लडप्रेशर त्यांनी त्याच दिवशी पकडलं. श्वास कोंडून जोर लावलात तर छातीला आणि डोक्याला धोका आहे, असं तुला बजावलं. मी बाहेर आल्यावर तुझी टर उडवली. पण तू ते असं मनावर घेतलंस की नंतरची वर्षं मला त्याचाच ताप झाला.

किती महिने तू मला नुसता रिकामा रॉड उचलायला लावलास! प्लेट घालू म्हटलं की तुझं ठरलेलं, आधी अंग गरम कर. हात फिरव, शेडला चकरा मार, खुर्चीवर बसून ऊठ. मग रॉड पायांना चिकटून आहे का बघ, पाठ सरळ आहे का बघ, गुडघ्यातून वाक, उचलताना फूऽऽ करून श्वास सोड, आणि वळायचं झालं तर पाय उचलून वळ. ठेवताना तर तू डोळे मिटून कान द्यायचास. रॉड जमिनीला लागल्याचा आवाज झाला की ते उचलणं तुझ्या हिशेबात धरलंच जायचं नाही. "ठेवनं बी उचलनंच शे," म्हणायचास. मी तुझं नाव सावकाश मास्तर ठेवलं होतं. रस्त्यावरच्या नव्या जिममधली पोरं दारातून डोकावून हसायची. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं, आणि तू त्यांच्यासमोर लुंगी सावरून शांतपणे फूऽऽ करायचास. राग यायचा मला तुझा.

एक दिवस उचलायचं, एक दिवस सोडायचं. सोडायच्या दिवशी मी चोरून शेडमध्ये गेलो तर तू कुलूप बदललेलं होतंस. डाळ जास्त खा असं मॅडमनी सांगितल्यावर तू त्यांना कळण्याच्या भाकरीत उडीद किती असतो यावर व्याख्यान दिलंस आणि त्याही ऐकत बसल्या. सगळ्यात वरचा नियम मात्र तुझा स्वतःचा, मॅडमचा नव्हे. जड झालं की मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात नाही, मान हलवून नाही, तोंडाने. "जड" असं म्हणायचं आणि खाली ठेवायचं. मला ते वर्षभर जमलं नाही. शब्द ओठापर्यंत यायचा आणि दात आवळले जायचे. तू समोर उभा राहून माझ्या जबड्याकडे बघत असायचास, आणि जबडा आवळला की माझ्या हातातला रॉड काढून घ्यायचास.

आज म्हणतो, उपकार झाले तुझे. जमिनीवर मांडी घालून बसलेला मी हात न टेकता उठायला लागलो. गॅसचा सिलिंडर बदलायला दिलीपला हाक मारणं बंद झालं. एकदा कमलने माझ्याकडे बघून, तुमची पाठ सरळ झाली, असं म्हटलं आणि मी दिवसभर खूश होतो. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू आणखी शेफारला असतास.

मग यंदा दिवाळीनंतर माझ्या कमरेत पुन्हा उसण भरली. उचलताना नाही, चप्पल शोधायला पलंगाखाली वाकलो तेव्हा. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला, तो उजेडात धरून म्हणाले, जपा. हलका व्यायाम चालेल, जड नको. पुन्हा पाठ सरळ करता यायला लागली तेव्हा मी शेडमध्ये आलो, तर रॉडच्या प्लेटा काढून तू खुर्चीखाली ठेवल्या होत्यास आणि वर स्वतः बसला होतास. मी एक ओढून घातली. तू काढलीस. मी पुन्हा घातली. तू काढलीस आणि म्हणालास, "आजपाईन तुले मोकळा करा मी."

"कशातून?"

"खांदा देवामातून. तू नको उचलू माले. दिलीप शे, त्याना सोबती शेतस."

शांताराम, तुला कळलं होतं का, तू काय बोललास ते? त्या एका हातावर हात मारण्यासाठी मी इतकी वर्षं रिकामा रॉड उचलला. पोरांचं हसू सहन केलं. आणि तू मला असा सोडून देतोस, जसा मालक म्हाताऱ्या कारागिराला उद्यापासून येऊ नको म्हणतो? मी ओरडलो, "तू कोन माले मोकळा करनारा?" तूही उठलास. म्हणालास, भिकनबाबाचा हात अजून माझ्या डोळ्यांपुढे लोंबतो. तुझ्या कमरेपायी माझा हात तसा लोंबायला नको. मी म्हणालो, लोंबला तर मी आत घालीन. तू म्हणालास, आधी तुला जड म्हणता यायला हवं. येतं मला, मी म्हणालो. तू माझ्या जबड्याकडे बघितलंस. तो आवळलेलाच होता. मग तू कुलूप हातात घेऊन "सकाय बोलूत" म्हणालास आणि लुंगीचा सोगा धरून निघून गेलास.

सकाळी दिलीप धावत आला तेव्हा मी तुला ऐकवायची वाक्यं जुळवत बसलो होतो.

तुझ्या घरी पोचलो तर जिन्यात दोन माणसं कुजबुजत होती. या वयात वजनं उचलायची म्हणजे असंच व्हायचं, असं एक जण म्हणत होता. मी त्याची कॉलर धरणार होतो. दिलीपने माझा दंड पकडून वर नेलं. वजनाने तुला नेलं की वजनानेच तुला इतकी वर्षं राखलं, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही आलं नाही. तुझ्या वडिलांचं आणि थोरल्या भावाचं काळीज तुझ्यापेक्षा कितीतरी आधी थांबलं होतं, एवढं मला माहीत आहे. आणि त्या सकाळी तू कपाहून जड काही उचललेलं नव्हतंस.

दुपारच्या गाडीने तुझे गावचे भाऊबंद आले. तुमच्या बिल्डिंगला खाली अंगण नाही, तळमजल्यावर लूम आणि दारात टेम्पो. त्यामुळे तिरडी वर, तुझ्या दारापुढच्या मोकळ्या गच्चीतच बांधली. म्हणजे तुला बांधलेल्या तिरडीसकट त्या अरुंद जिन्याने उतरवायचं होतं. मी जिना बघितला, वळण बघितलं, टप्पे मोजले. दिलीपचे मित्र धट्टेकट्टे होते, पण एकही गुडघ्यातून वाकेना. सगळे कमरेतून. मी पुढे होऊन खालच्या बाजूचं टोक धरलं.

तेवढ्यात वहिनी आल्या. डोळे कोरडे होते त्यांचे. "भाऊ, तुम्ही ऱ्हाऊ द्या. त्यास्नी सांगेल व्हतं, रघूले उचलू देऊ नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका, राहू द्या ना, आम्ही आहोत, असं कुणीतरी म्हणालं. मेल्यावरही तू खुर्चीखाली प्लेटा दडवून बसला होतास. मला इतका राग आला तुझा, आणि त्याच रागात रडू आलं. बांबू मी सोडला नाही. वहिनींना एवढंच म्हणालो, "जड व्हयनं तं बोलसू, वहिनी. मोठ्याने बोलसू."

त्या तुझी बायको आहेत. तुझा नियम त्यांना माझ्याइतकाच पाठ. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, थेट जबड्याकडे, आणि बाजूला झाल्या.

उचललं. पहिला टप्पा नीट गेला. तू जड होतास रे, इतका जड की बांबू तळहातात रुतला. उतरताना सगळा भार खालच्या टोकाला येतो हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. खाली लूम चालूच होते, भिंत हादरत होती, तोच जुना खडखडाट. आणि वळणावर माझ्या अंगाने मला दगा दिला. तो आवाज, ती अरुंद वाट, हातात भार. माझे पाय जागेवर रोवले गेले आणि नुसती कंबर वळली, बीम चढवताना वळायची तशी. कमरेत खोल कुठेतरी चटका बसला. तो चटका मी ओळखतो. पुलाच्या चढावर अगदी असाच आला होता.

माझे दात आवळले गेले.

एक पायरी मी तसाच उतरलो. वाटलं, निभेल. एवढ्या माणसांत, तुझ्या भाऊबंदांसमोर, त्या कुजबुजणाऱ्या माणसासमोर, ज्याला मीच हट्टाने खांदा द्यायला आलो त्याच्या जिन्यात काय म्हणू? लाज वाटली. खूप लाज वाटली, शांताराम. आणि मग बांबू किंचित कलला, आणि कापडाखाली तुझा हात सरकल्यासारखा दिसला.

"जड," मी म्हणालो. लूमच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. वरची पोरं आणखी खाली रेटायला लागली. मी सगळा श्वास गोळा केला आणि ओरडलो, "थांबा! मला जड होतंय! खाली घ्या!"

वरून तुझ्या चुलतभावाचा आवाज आला, विसाव्याआधी टेकवायचं नसतं, चालू ठेवा. कुणी म्हणालं, दोनच तर टप्पे राहिलेत. पोरं गोंधळली. आणि तुझा दिलीप, ज्याला आपण दोघं शेडमध्ये ये म्हणून थकलो आणि जो एकदाही आला नाही, तो वरच्या टोकावरून ओरडला, "पप्पानो ज नियम छे! नीचे मूको!" पप्पांचाच नियम आहे, खाली ठेवा.

मी गुडघ्यातून वाकलो. "फूऽऽ," म्हणालो. पोरांनी माझ्याकडे बघून तसंच केलं. तुला आम्ही वळणावरच्या मोकळ्या जागेत ठेवलं, आणि मी सवयीने डोळे मिटून कान दिला. बांबू फरशीला लागल्याचा आवाज झाला नाही. तुझ्या हिशेबात हे धरलं जाईल.

कापड नीट केलं. तुझा हात आतच होता, मला उगाच भास झाला होता. एक तगडा पोरगा माझ्या जागी खालच्या टोकाला आला, मी वरच्या टोकाला गेलो, जिथे भार कमी. पुन्हा उचलताना मी सगळ्यांना म्हणालो, जोराने राम बोला. बोलताना श्वास सोडावाच लागतो ना, कोंडताच येत नाही. हे आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. वळण घेताना मी पाय उचलून वळलो. गल्लीत आलो, खांद्यावर घेतलं आणि खाडीचा पूल चढलो. चटका पुन्हा आला नाही. विसाव्याला तुला ठेवलं आणि तिथून पुढे माझी जागा दुसऱ्याला दिली. दोनदा टेकवलं तुला. तुझ्या चुलतभावाने परतताना मला ते ऐकवलं. मी म्हटलं, त्याला विचारा.

काल सकाळी शेड उघडली. रॉड तू ठेवलास तसाच, बिनप्लेटांचा. मी हात फिरवले, चकरा मारल्या, रॉड उचलला, ठेवला. आवाज झाला नाही. बघायला कुणी नव्हतं. आपल्या सौद्यात मागे राहणाऱ्याने काय करायचं ते ठरलं होतं. मागे राहणाऱ्याला मग कोण उचलणार, हे मात्र आपण बोललोच नव्हतो. ते "सकाय बोलूत" मधे राहिलं.

खाडीवरून घरी आलो त्या संध्याकाळी कमलने न विचारता गरम पाण्याची पिशवी भरून ठेवली होती. "दुखस का?" म्हणाली. मी वाकून बघितलं, वळून बघितलं, खाली बसून हात न टेकता उठलो. दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. आजही नाही. भिकनबाबांना उचललं तेव्हा महिनाभर कंबर धरून फिरत होतो, उठता-बसता बाबा आठवायचे. तुला वेळेवर टेकवलं, नीट उचललं, तू शिकवलंस तसं, आणि अंगात कुठे काही उरलं नाही. भांडण तू जिंकलास, जा. पण शांताराम, थोडं तरी दुखायला हवं होतं रे.